माझा ब्लॉग वर आणणारा

मंगळवार पेठेतला आमचा झेरॉक्सवाला माझा फुटबॉलवरचा ब्लॉग गुगलच्या पहिल्या पानावर आणायच्या हट्टाला पेटला होता. गिऱ्हाईक ताटकळत ठेवून तो ब्लॉगांच्या याद्या ठेवणाऱ्या एकेका ऑनलाइन डिरेक्टरीत माझी लिंक टाकायचा आणि मी दिसलो की दुकानातूनच ओरडायचा, "सर, आज आणि चार जागी लावलं! आता वर येतंय की!"

वर्ष झालं तरी ब्लॉग होता तिथंच. शेवटी मी म्हणालो, "अहो, या लिंकांनी काही होत नाही. मी ब्लॉग बंदच करतो."

पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. "बंद? डिरेक्टरीत माहिती भराय लागती, म्हणून सगळं वाचलंय मी. तुमच्या गोलकीपर भावाची गोष्ट अर्धीच सोडलीया. त्यानं ती शेवटची पेनल्टी अडवली का न्हाय, ते लिवलंच न्हाय की तुमी!"

भाऊ गेल्यापासून तेवढंच लिहायचं मी टाळत होतो. त्या संध्याकाळी लिहिलं.