चौथा दात काढला, लाळ कोणी पाहिली नाही

अन्याय झाला तो माझ्या चंदरी मावशीवर. होळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, भर दुपारी, डहाणूतल्या एका दातांच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी तिचा चौथा दात काढून ट्रेमध्ये टाकला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "मशेरी. या बायकांना सांगून कळत नाही."

मावशीने जन्मात मशेरीला बोट लावलेलं नाही. तिला कोणी विचारलंच नाही.

झालं होतं ते असं. आदल्या पावसाळ्यात घरात सगळ्यांना कोविड झाला. ताप गेला, चव परतली, मावशीच्या तोंडातली ओल मात्र परतली नाही. भाकरीच्या घासागणिक पाणी. जेवायला बसली की कानाखाली सूज. मग हिरडीलगत दात किडून तुटायला लागले.

एक डॉक्टर म्हणाले, वय झालं. दुसरे म्हणाले, साखर असेल. साखर निघाली नाही. तिसरे म्हणाले, पाणी प्या. जणू ती पीत नव्हती!

दर वेळी आमच्या गंजाड गावाहून जीप, मग रांग, केसपेपर, बाकडं. मी संघटनेची पत्रकं वाटणारी मुलगी, भांडण माझं रोजचं. पण त्या बाकड्यावर बसून बसून भांडायचंही त्राण उरत नाही.

मावशी धवलेरी. आमच्याकडे लग्न भटजी नाही, धवलेरी बाई गाऊन लावते. वैशाखात माझ्या बहिणीचं लग्न होतं.

"दात नसले तरी गाता येतं, बाय," ती म्हणाली. "तोंडात थुंकीच नाय, तर जीभ कशी फिरवू?"

डहाणूच्या डॉक्टरांनी दिलेली पाचवा दात काढायची चिठ्ठी मी खिशात घातली आणि तिला तलासरीमार्गे राज्याच्या हद्दीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातात छोटा कप दिला. "दहा मिनिटं यात थुंकत राहा."

मावशी हसली. "सगळीकडं लिहितात थुंकू नका. ही बाय थुंक म्हणते!"

वेळ संपली तेव्हा कपाचा तळ जेमतेम ओला होता. याला सायलोमेट्री म्हणतात, म्हणजे लाळ मोजणं. यंत्र नाही, सुई नाही. एक कप.

बाकीची कारणं रक्त तपासून बाजूला काढल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा झेरोस्टोमिया, कोरडं तोंड. विषाणूमुळे लाळग्रंथी सुजल्या असाव्यात. शंभर टक्के खात्री देत नाही. पण लाळ दात राखते. ती आटली म्हणून दात किडले. पाचवा वाचेल."

फ्लोराइडची पेस्ट मिळाली, तोंडात लावायचं जेल मिळालं. घोट घोट पाणी सतत.

लग्नाच्या मांडवात मावशी पाण्याची बाटली घेऊनच बसली. ताडी घेतलेला एक काका ओरडला, "धवलेरीला बाटली लागते आता! आमची देऊ का?"

"तुझी तू पी. पडलास तर उचलायला येणार नाय मी."

ती गायला लागली. थोड्या वेळात आवाज चरचरला, जीभ अडखळली. मला बघवेना. तेव्हा तिच्यामागे गाणाऱ्या बायांनी, कोणी न सांगता, तीच ओळ दोनदा धरली. तेवढ्यात मावशीने घोट घेतला. मग प्रत्येक ओळ दोनदा. गाणं लांबलं, पण तुटलं नाही. बहिणीचं लग्न तिनंच लावलं.

गेलेले चार दात येणार नाहीत. लाळ किती परतेल, कोणी सांगत नाही. मी दमले आहे. त्या बायांचे उपकार मात्र विसरणार नाही. त्यांनी जे ऐकलं, ते आधीच्या इतक्या डॉक्टरांनी ऐकलं नाही.

आता तुम्ही. ताप येऊन गेल्यावर घरात कुणाचं तोंड कोरडं राहिलं असेल, तर त्यांच्यासोबत जा. दात काढण्याआधी विचारा, "लाळ तपासली का?" उत्तर मिळेपर्यंत तोंड उघडू देऊ नका.