मेंढीचं रक्त

शाहूपुरीतल्या जनावरांच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. घोड्याच्या नाकातला स्वॅब आला की तो रक्त मिसळलेल्या प्लेटवर ओढायचा, इन्क्युबेटरमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. गळ्याच्या गाठींचा जंतू असला तर तो वाढून ठिपके उठतात आणि प्रत्येक ठिपक्याभोवतीचं रक्त विरघळून स्वच्छ कडं पडतं. पण त्याला रक्त मेंढीचं लागतं. धनगराच्या तळावर जा, मेंढीच्या मानेतून रक्त काढा, गोठू नये म्हणून बाटलीत काचेचे मणी टाकून हात मोडेस्तोवर हलवा. साहेबांना या खटाटोपाचा भारी कंटाळा. त्यांनी ओळखीच्या ब्लड बँकेतून मुदत संपलेली पिशवी आणली.

मी म्हटलं, "साहेब, माणसाच्या रक्तात कडं नीट दिसत नाही."

"रक्त ते रक्तच की! आता तू मला शिकवणार?"

मी त्याच पिशवीतल्या रक्ताच्या प्लेटा केल्या. नोकरी टिकवायची होती ना!

त्याच आठवड्यात गगनबावड्याच्या वाटेवर वरातीच्या घोड्या पाळणारे एक आजोबा स्वॅब घेऊन आले. त्यांच्या पांढऱ्या घोडीच्या नाकातून पू येत होता, जबड्याखाली सूज होती.

"दुसरी घोडी व्यालीया, मॅडम. महिन्याचं शिंगरू हाय. म्हणून हिला येगळी बांधलीया. रोग न्हाय म्हणालासा तर एकत्र बांधतो, एकली लई वरडतीया."

प्लेटवर बारीक, फिकट ठिपके आले. कडं नव्हतं. मला शंका आली होती, खोटं कशाला बोलू? तरी "रोगजंतू आढळले नाहीत" असं लिहिलं आणि साहेबांनी न बघता सही ठोकली.

काही आठवड्यांनी आजोबा परत आले. हातात दुसऱ्या घोडीचा स्वॅब. रिपोर्ट बघून त्यांनी घोड्या एकत्र बांधल्या होत्या, आणि शिंगरू गेलं होतं.

या वेळी मी कुणाला न विचारता तळावर गेले, मेंढीचं रक्त आणलं. दुसऱ्या दिवशी प्लेट उजेडात धरली, तर प्रत्येक ठिपक्याभोवती लख्ख कडं.

आजोबा रिपोर्ट न्यायला आले. "पयल्या रिपोर्टात काय न्हवतं की, मॅडम. मग माझ्या हातनं काय चुकलं?"

साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं. मी म्हटलं, "दोघींना एकाच बादलीत पाणी पाजलं असेल."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती मी माझ्या तोंडानं दिली.

"व्हय," ते म्हणाले. "पाजलं की. एकाच बादलीत पाजलं." आणि माझ्यासमोर त्यांनी स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली.