चादरताईंची जहाजाची सफर

हॉस्पिटलच्या तळघरात सगळ्या वॉर्डांच्या चादरी, उशांचे अभ्रे आणि ऑपरेशनचे हिरवे कपडे धुतले जायचे. तिथे चादरताईंनी नोकरीची एकतीस वर्षं काढली. नर्सेस त्यांना चादरताई म्हणायच्या, मग डॉक्टरही तसंच म्हणायला लागले, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. चादर हातात आली की ती कुठल्या वॉर्डातून आली हे त्या वासावरून सांगायच्या. एखादी फाटकी चादर चुकून वर गेली, तर तो त्यांना स्वतःचा अपमान वाटायचा.

त्यांचा नवरा लिफ्टचा मिस्त्री. शहरातल्या निम्म्या जुन्या इमारतींच्या लिफ्ट त्याच्या हाताखालून गेलेल्या. सगळा जन्म त्या उभ्या काळोख्या विहिरीत, तेलात आणि ग्रीसमध्ये गेला. तरी संध्याकाळी सहाला चादरताई सुटायच्या तेव्हा मिस्त्री तळघराच्या दाराशी हजर असायचा. हात पुसत उभा. हा नेम दोनदाच चुकला. एकदा लेक झाली तेव्हा, आणि एकदा त्याचं खांद्याचं हाड मोडलं तेव्हा.

मग मिस्त्री विसरायला लागला. आधी पाने, पक्कड कुठे ठेवली ते. मग एक दिवस लिफ्ट दुरुस्त करून खाली आला आणि आपण कुठल्या इमारतीत आहोत, हेच त्याला आठवेना. वॉचमनने घरी आणून सोडलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि चादरताईंना बाजूला घेतलं. ओळखीचे डॉक्टर होते, आडपडदा ठेवला नाही.

"ताई, हे वाढत जाणार. कुठे न्यायचं असेल, काही दाखवायचं असेल, तर या वर्षात दाखवा. पुढच्या वर्षाचं मी सांगत नाही."

मिस्त्रीने आयुष्यात बायकोजवळ एकच हौस बोलून दाखवली होती. समुद्राच्या मधोमध उभं राहून चारी बाजूंना बघायचं. कुठेच भिंत नको. हे तो तरुणपणी म्हणाला होता आणि नंतर कधी त्याने विषय काढला नाही, पण चादरताईंच्या मनात ते राहून गेलं होतं. त्यामुळे पेपरात स्वस्त सफरीची जाहिरात आली, चार रात्री, पाच दिवस, खाणंपिणं धरून, तेव्हा त्यांनी फारसा विचार न करता जागा ठरवून टाकल्या. लेकीला सांगितलं ते नंतर.

लेक दुसऱ्या शहरात असायची. तिने फोनवरच विचारलं.

"आई, बाबांना घेऊन तू एकटी पाण्यावर जाणार? घरात त्यांना बाथरूम सापडत नाही."

"मी आहे ना."

"तू किती दिवस 'मी आहे ना' म्हणणार?"

"जमेल तितके दिवस," चादरताई म्हणाल्या आणि दूध उतू जातंय असं सांगून त्यांनी फोन ठेवला. गॅसवर काहीच नव्हतं.

जाहिरातीतलं जहाज पांढरंशुभ्र होतं. धक्क्यावर जे उभं होतं त्याला पांढरा रंग इतक्या वेळा लावलेला, की त्याखाली जुन्या नावाची अक्षरं फुगून दिसत होती. रांगेतला एक जाणकार सांगत होता, की ही जहाजं आधी दुसरीकडे दुसऱ्या नावाने चालतात, म्हातारी झाली की स्वस्त सफरींना लावतात. चढायला साडेतीन तास लागले. बॅगा तपासल्या, फोटो काढले, गळ्यात अडकवायला फितीला लावलेलं एकेक कार्ड दिलं. त्या कार्डाने खोली उघडायची, त्याच कार्डावर सगळं विकत घ्यायचं. खाणंपिणं धरून म्हणजे खाणं धरून, हे चढल्यावर कळलं. प्यायच्या पाण्याची बाटली वेगळी, फोनचं इंटरनेट वेगळं, डेकवरची बरी जेवणाची जागा वेगळी. चादरताईंना त्याचं फार वाटलं नाही. स्वस्तात घेतलं की असंच असतं, हे त्यांना कळत होतं. धक्का बसला तो खोलीने.

खोलीला खिडकी नव्हती. दोन पलंग, मध्ये एक माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट, आणि भिंतीवर खिडकी असावी तिथे एक आरसा. खाली इंजिनाची घरघर सतत चालू. दिवा मालवला की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार, मग बाहेर सकाळ असो की भरदुपार.

मिस्त्रीने आत येऊन भिंतीवर हात फिरवला. "लिफ्ट अडकलीय," तो म्हणाला.

"नाही हो, ही खोली आहे आपली. जहाजातली."

"अडकलीय. वर कोणाला तरी सांग."

पहिला दिवस असाच गेला. धोक्याची शिट्टी झाल्यावर कुठे जमायचं, याची कवायत सगळ्यांकडून करून घेतली. मिस्त्रीने तिथे लाइफ जॅकेट घातलं ते दोन तास काढू दिलं नाही. जेवणाच्या दालनात जत्रेसारखी गर्दी. एका हाताने मिस्त्री धरायचा, दुसऱ्या हाताने ताटली, मग वाढून घ्यायचं कशाने? एका अनोळखी बाईने त्यांचं ताट वाढून दिलं. वरच्या डेकवर खुर्च्यांवर सकाळपासून टॉवेल टाकून लोकांनी जागा धरलेल्या, गाणी मोठ्याने लागलेली, आणि कठड्याशी फोटो काढणाऱ्यांची फळी. समुद्र दिसायचा तो लोकांच्या खांद्यांमधून, पट्ट्यापट्ट्यांनी. मिस्त्री त्याकडे पाठ करून लिफ्टच्या दाराकडे बघत होता. "हिचं दार घासतंय," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. त्या दिवसातलं त्याचं ते एकच शहाणपणाचं वाक्य.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. जहाज डोलायला लागलं आणि चादरताईंना मळमळू लागलं. गोळ्या मिळतात ती खिडकी चार मजले वर होती. मिस्त्री नुकताच झोपला होता. त्यांनी दार ओढून घेतलं. दहा मिनिटांत येऊ, असं त्यांना वाटलं होतं. रांगेतच पाऊण तास गेला, कारण निम्म्या जहाजाला मळमळत होतं. परत आल्या तेव्हा दार उघडं होतं, पलंग रिकामा, आणि मिस्त्रीचे बूट जागच्या जागी.

त्यांनी बॉयलरची वाफ अंगावर घेतली होती, तळघरात पाणी भरलं तेव्हा गुडघाभर पाण्यातून गठ्ठे वर नेले होते, पण इतक्या घाबरल्या त्या त्याच दिवशी. बाहेरचा बोळ डावीकडेही तसाच, उजवीकडेही तसाच. तोच लाल गालिचा, तीच दारं, फक्त आकडे वेगळे. शहाण्या माणसाला तिथे खोली सापडत नव्हती. त्या धावल्या, दोन वेळा चुकून आपल्याच दारासमोर आल्या, आणि शेवटी स्वागताच्या टेबलाशी पोचल्या.

टेबलामागची बाई शांत होती. "कार्ड गळ्यात होतं का?"

"कार्ड खोलीतच आहे. पायात बूटही नाहीत."

"पोहता येतं का त्यांना?"

हा प्रश्न तिने कामाचा म्हणून विचारला. चादरताई जिन्याकडे वळल्या. त्या वर गेल्या. वाऱ्यामुळे डेक रिकामा झाला होता. काल लोकांनी धरून ठेवलेल्या खुर्च्या एकावर एक रचून बांधल्या होत्या. आता समुद्र चारी बाजूंना होता, कुठे भिंत नव्हती, आणि चादरताई कठड्यावरून वाकून खालच्या राखाडी पाण्यात एकेक लाट बघत होत्या. त्याचा शर्ट निळा होता. पाण्यात निळं काय दिसणार?

अडीच तासांनी एक अधिकारी त्यांना शोधत आला. "सापडले. सुखरूप आहेत. पण तुम्हीच चला, ते आमच्याबरोबर येत नाहीत."

जिथे प्रवाशांना जायची परवानगी नसते, अशा लोखंडी जिन्याने ते खोलीच्याही खाली दोन मजले उतरले. दार उघडलं आणि चादरताईंना आधी वास आला. वाफेचा, साबणाचा, गरम सुती कापडाचा. जहाजाची लाँड्री होती ती. मोठी मशीनं घुमत होती. टॉवेलचे डोंगर पडले होते. लांब टेबलाशी मिस्त्री अनवाणी उभा होता आणि उशांचे अभ्रे घडी करून एकावर एक ठेवत होता, कडेला कड लावून.

लाँड्रीची मुकादम पन्नाशीची, जाडसर बाई होती. हात कोपरापर्यंत लाल. ती म्हणाली, "ढकलगाडीने अडवून दार उघडं ठेवलं होतं, त्यातून आले. म्हणाले, माझी बायको इथे कामाला आहे, सहाला सुटते. मी म्हटलं, बसा मग. बसेनात. हाताला काम दिलं तेव्हा शांत झाले."

मिस्त्रीने मान वर केली. चादरताईंकडे बघून तो ओळखीचं हसला. कितीतरी महिन्यांत तो असा हसला नव्हता.

"आज उशीर झाला?" त्याने विचारलं.

"हो," चादरताई म्हणाल्या. "जरा काम होतं."

"चल. घरी चल."

त्यांना रडू आवरेना, म्हणून त्यांनी टेबलावरचा एक अभ्रा उचलला आणि घडी घातली. मग दुसरा. मुकादम बाईने एक स्टूल ओढून दिलं. थोड्या वेळाने चादरताईंनी तिला विचारलं, "तुम्ही किती दिवस असता इथे?"

"एका वेळी नऊ महिने. सातवा चालू आहे."

"मग समुद्र रोजचाच झाला असेल."

"समुद्र कुठला ताई, वर जायला सवड कोणाला? मला तर तो दिसला की दचकायला होतं."

अधिकाऱ्याने एका कागदावर सही घेतली. इथून पुढे पाहुण्यांना एकटं सोडायचं नाही, पुन्हा असं झालं तर पुढच्या बंदरावर दोघांना उतरावं लागेल. बोलला अदबीने, पण बोलला. पुढचं बंदर आलंच नाही. वाऱ्यामुळे जहाज तिथे लागू शकणार नाही, अशी घोषणा झाली, आणि ज्या गावाच्या फोटोंवर भाळून निम्मे लोक आले होते ते गाव लांबून धुरकट दिसून मागे पडलं. लोक चिडले, टेबलाशी भांडले. करारात बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. उरलेले दिवस चादरताई त्या बिनखिडकीच्या खोलीत नवऱ्याचा हात धरून बसल्या. खोली आवरणारा माणूस जेवण दारात आणून द्यायचा. तसा नियम नव्हता, तरी आणायचा.

शेवटच्या सकाळी वारा पडला. चादरताईंनी दोघांच्या कार्डांच्या फिती एकमेकींना गाठ मारून एक टोक आपल्या मनगटाला बांधलं, दुसरं त्याच्या. लोक नाश्त्याला गेले होते, डेकवर माणूस नव्हता. पाणी थेट आभाळापर्यंत पसरलं होतं.

"बघा," त्या म्हणाल्या. "मधोमध आहोत. तुम्ही म्हणायचात ना?"

मिस्त्रीने बराच वेळ बघितलं. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"एवढं पाणी कोणी सोडून ठेवलंय? नळ बंद करा," तो म्हणाला. मग घाबरून त्यांच्या दंडाला बिलगला. "आत चल. इथे धरायला काही नाही."

त्या त्याला आत घेऊन गेल्या.

घरी आल्यावर शेजारणीने विचारलं, हॉस्पिटलच्या लाँड्रीतल्या जुन्या मैत्रिणींनीही विचारलं. जावं का आम्ही? चादरताईंनी झाकपाक केली नाही. रांगा असतात, गर्दी असते, गाव दिसेलच असं नाही, जवळ धडधाकट माणूस असेल तर मजा येईल, असं त्यांनी सांगितलं. बाकीचं कोणाला सांगितलं नाही. लेकीला मात्र तिसऱ्या दिवशी स्वतःहून फोन केला आणि रिकाम्या पलंगापासून लाँड्रीपर्यंत सगळं बोलून टाकलं. लेक ओरडेल असं त्यांना वाटलं होतं. ती ओरडली नाही.

"आई, तू दमली आहेस," ती म्हणाली.

"मी दहा मिनिटांसाठी गेले होते गं."

"माहीत आहे मला."

"कठड्याशी उभी असताना," चादरताई म्हणाल्या, "एक क्षण वाटलं, बाबा सुटले असतील तर बरं. त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, ते नाही सांगता येत."

लेक त्याच आठवड्यात आली. दोघींनी मिळून तीन ठिकाणं बघितली आणि अशा आजारी माणसांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत मिस्त्रीची सोय केली. आवार मोठं होतं आणि फाटकाला कुलूप होतं. न्यायच्या दिवशी चादरताईंनी त्याच्या सगळ्या शर्टांच्या कॉलरला आतून त्याचं नाव टाक्यांनी लिहिलं. धुवायला गेले तर हरवू नयेत म्हणून.

तिथे तो एक वर्ष आणि चार महिने राहिला. चादरताई मंगळवारी आणि शुक्रवारी जायच्या. पहिले काही महिने तो त्यांना ओळखायचा, मग कधीतरी, मग नाही. शेवटी शेवटी तो त्यांना "बाई" म्हणायचा आणि विनवणी करायचा, की माझ्या घरी निरोप द्या. त्या म्हणायच्या, देते. मग त्याचं पांघरूण सारखं करून, दोन बसेस बदलून, त्या अंधार पडायच्या आत घरी यायच्या.

तो गेला तेव्हा लेकीने विचारलं, माझ्याकडे येतेस का राहायला? चादरताई म्हणाल्या, बघू. अजून त्या त्याच घरात आहेत.