मोहाचं कोवळं पान

कमळाला एका जागी बसवत नव्हतं. चुलीवर भात ठेवला की ओसरीत जायची, भिंतीला टेकवलेल्या, रंगवलेल्या प्लायच्या तुकड्यावर बोट लावून बघायची, परत यायची.

"अवं, पिल्लू निंगणार हाय काय त्याच्यातून?" सासू बुधरी म्हणाली. "घडीघडी काऊन पाह्यतेस?"

कुरखेड्याजवळच्या त्यांच्या गावात शाळेची भिंत रंगवायची होती. बायकांना शिकवायला चंद्रपूरहून करिश्मा नावाची चोवीस वर्षांची मुलगी आली होती. बाराजणी शिकत होत्या. भिंतीवरचं मोठं झाड मात्र एकीलाच मिळणार होतं, आणि ते उद्या नमुने बघून करिश्मा ठरवणार होती. कमळाच्या हातच्या लिपलेल्या भिंती गावात नावाजलेल्या, पण दर पावसात धुऊन जायच्या. पुसलं न जाणारं काहीतरी आपल्या हातून व्हावं, असं तिला सेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदाच वाटलं होतं.

बाकीच्यांनी हिरवी झाडं काढली. कमळानं चैतातला मोह घेतला, तांबूस कोवळ्या पानांचा. लाल, पिवळा आणि निळ्याचा जरासा ठिपका, की भडकपणा मरतो, हे करिश्मानं शिकवलं होतं. कमळाचं मिश्रण तसंच होतं. पण तीनदा रंगवलं, आणि तिन्ही वेळा पान वाळून काळपट झालं.

"करपलेल्या भातावानी दिसून राह्यलं," तिचा नवरा पत्रू म्हणाला.

"तुमाले कोनं इचारलं जी?"

रात्रभर ती कूस बदलत राहिली. निळा जास्त झाला? लाल कमी पडला? पहाटे मोहफुलं वेचताना टोपली अर्धीच भरली, कारण नजर वरच होती. घरी आली ती एक कोवळं पान घेऊन, आणि तशीच रंगाच्या थाळीपाशी बसली. नवा रंग कालवताना त्याचा एक ओघळ थाळीच्या कडेला गेला होता. उन्हानं त्याची कड वाळली, मधला भाग ओलाच राहिला. वाळलेली कड जास्त गडद होती.

कमळा बघतच राहिली. माती, गेरू, चुना, सगळं वाळून फिकं पडतं. म्हणून सारवणारा हात ओल्यातच दोन बोटं गडद कालवतो. पंचवीस वर्षं तिनं तेच केलं होतं. हा डबीतला रंग उलट्या खोडीचा होता.

दुपारी समाजमंदिरात तिनं सगळ्यांसमोर नव्यानं पान रंगवलं, मुद्दाम फिकं.

"बाई वं, काविळीचं पान!" शेजारची रुखमा हसली.

करिश्माही कचरली. "काकू, थोडा लाल घ्यायचा?"

"थांबा मॅडम. वाळू द्या."

पंख्याखाली दहा मिनिटं. कमळा दारापर्यंत गेली, आली, पुन्हा गेली. बोट लावायचा मोह तिनं पदरात मुठी आवळून आवरला. मग कमरेला खोचलेलं खरं पान काढून करिश्माच्या हातात दिलं. करिश्मानं ते रंगवलेल्या पानावर ठेवलं आणि खऱ्या पानाची कड कुठे संपते ते बोटानं चाचपून बघितलं.

"भिंत तुमची, काकू."

रुखमानं तिच्या पाठीत धपाटा घातला. "आता तरी बस वं शांत!"

पण कमळा केव्हाच चप्पल घालून शेजारच्या शाळेकडे निघाली होती. भिंतीवर तळहात फिरवला, पांढरी भुकटी हाताला आली.

"मॅडम," ती तिथूनच ओरडली, "ही तं चुन्याची हाय! हिच्यावर हा रंग कसा वाळन, गडद का फिका?"