वाट बघणं कापायचं नाही

"कापू नको रं, थांब जरा." माझा हात माऊसकडे गेला की ताई हेच म्हणायच्या आणि दोन बोटांनी माझं मनगट टेबलावर दाबून धरायच्या.

मी कर्जतचा लग्नाचा व्हिडिओवाला. हळद, वरात, पाठवणी आणि मधूनमधून उडणारे गुलाब, हा माझा धंदा. ताई भिसेगावातल्या मास्तरांची लेक. परदेशातल्या एका सीमेवर घरदार सोडून आलेली तरुण पोरं तंबूत राहून पलीकडे जायची वाट बघत होती. त्यांच्यावरची फिल्म ताईंनी एकटीने शूट केली आणि जोडायला माझ्याकडे आल्या. मुंबईचे स्टुडिओ सोडून माझ्याकडे का, तर म्हणे तुझ्याकडे चहा चांगला मिळतो. घ्या आता!

पहिल्याच दिवशी मी घोळ घातला. पोरं नुसती बसलीत, कुणी मोजे वाळत घालतंय, कुणी कुंपणाकडे बघतंय. मांडवातले असले रिकामे क्षण आम्ही उडवतोच. तसे उडवले, आणि खाली सवयीने सनई लावली. ताई हसून हसून खोकायला लागल्या. मग म्हणाल्या, "अरे, वाट बघण्यापलीकडे त्यांच्याकडे दुसरं आहे काय? तेच कापलंस."

मग मीही नीट बघायला लागलो. लग्नात नवरी कॅमेऱ्यात बघते. ही पोरं कॅमेऱ्याच्या मागे बघायची, ताईंकडे. कॅमेरा बाहेर काढण्याआधी ताई किती दिवस त्यांच्यात बसून कांदे सोलत होत्या, ते तेव्हा कळलं.

त्यात एक अफगाण मुलगी होती. चुलत्याने ठरवलेलं लग्न टाकून पळालेली. सिनेमे बघून हिंदी शिकलेली. तंबूची दोरी सोडून त्या चिखलात ती दोरीवरच्या उड्या मारते आणि खळखळून हसते. सगळी फिल्म तिच्यावर उभी होती. परदेशातल्या मोठ्या महोत्सवात निवड झाली, तेव्हा मी गल्लीभर पेढे वाटले.

आणि ताईंना तिचा फोन आला. ती पलीकडे पोचली होती, पण चुलत्याची माणसं तिला शोधत होती. फिल्ममध्ये दिसली तर सापडलीच. आधी हो म्हणाले होते, आता नको म्हणते, माफ करा, म्हणून रडत होती.

मी म्हटलं, चेहरा धूसर करू.

"चालीवरून माणूस ओळखू येतं रे."

"ताई, निदान एक कॉपी राहू द्या. कुणाला नाय दाखवायची."

"आणि तिला काय सांगू? एक ठेवलीय म्हणून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी तिला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या स्क्रीनसमोर उभा केला. तिच्या डोळ्यांदेखत तिची एकेक क्लिप दाखवायची आणि पुसायची. कित्येक वर्षांची मेहनत जात होती आणि ताईंचा आवाज जरासुद्धा हलला नाही. असं काळीज मी दुसरं बघितलेलं नाही.

दोरीची क्लिप आली तेव्हा मुलगी म्हणाली, "दीदी, एक बार और."

लावली. मग आणखी एकदा. स्क्रीनवर ती हसत होती, फोनमध्येही हसत होती.

"अब मिटा दो," ती म्हणाली. मी पुसली.

फिल्म येणार नाही, असं ताईंनी महोत्सवाला कळवलं आणि महिन्याभरात पुन्हा त्याच सीमेवर गेल्या. अजून तिथेच आहेत. भिसेगावात लोक मला विचारतात, त्या फिल्मचं झालं काय? मी सांगतो, एक पोरगी हाय, ती सुखरूप हाय. कुठे, ते विचारू नका.