कुलुपांच्या वाट्याची वीज

आमच्या आत्याला सगळं गाव पॉवरहाऊस म्हणतं. तोंडावर नाही, तोंडावर आत्याच. ओढ्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून बसवलेलं जनित्र तीच सांभाळते. रोज सकाळी गुडघाभर पाण्यात उतरून जाळीवरचा पालापाचोळा काढते, बेअरिंगला ग्रीस भरते आणि मग खोलीत येऊन भिंतीवरच्या एक्केचाळीस बटणांवरून फडकं फिरवते. एका घराला एक बटण, खाली नावाची चिठ्ठी. ही गोष्ट घडली तेव्हा त्यातली अठ्ठावीस घरं कुलूपबंद होती. त्यांच्या चिठ्ठ्या ती जरा जास्तच पुसते.

जनित्र बसवलं तेव्हा आमच्या डोक्यात एकच खूळ होतं: वीज आली की गेलेली माणसं परत येतील. म्हणून नियम केला, की गेलेल्यांचा वाटा त्यांच्या होकाराशिवाय कुणाला द्यायचा नाही. नियम मीच लिहिला, माझं अक्षर बरं म्हणून. आता ही वीज काही साठवता येत नाही. जी कुणी वापरत नाही ती एका टाकीतल्या कॉइलमध्ये जाते, पाणी तापवते आणि ते गरम पाणी तोटीतून ओढ्याला मिळतं. कुलुपांची सगळी वीज आम्ही नऊ वर्षं माशांना शेकायला दिली.

त्या नऊ वर्षांत परत आलं एकच घर. सुतार, त्याची बायको आणि दोन मुली. त्या दोघींमुळे शाळेचा पट दोनावरून चारावर गेला आणि शाळा वाचली. पण सुताराचं रंधा मारायचं मशीन एका वाट्यावर सुरूच होईना. आणखी एक वाटा मिळाला तर भागणार होतं, नाहीतर त्याला इथे राहून उपयोग नव्हता. मी कुलूपवाल्यांना फोन लावले. सत्तावीस जणांची एकच टेप: "राहू द्या हो, कधीतरी येऊच की."

अठ्ठाविसावा आत्याचा मुलगा; त्याचं घर वेगळं, वाटाही वेगळा. त्याला तिनेच फोन केला. जनित्राजवळ राहून तिला कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकरवर. मी ग्रीसचा डबा धरून शेजारी उभा होतो.

"देऊन टाक गं आई," तो म्हणाला. "मी काय आता येत नाही. इथेच घर घेतलंय. तुला सांगायचं राहूनच गेलं."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवून त्याची चिठ्ठी पुसली.

गावाच्या सभेत तिने सांगितलं, "माझा मुलगा नाही म्हणाला."

मी समोरच बसलो होतो. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझी आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, मी तोंड उघडणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. मी खाल्ल्या मिठाला जागलो आणि एका माणसाचं बसतं घर उठवलं. त्याची मला अजून लाज वाटते.

"आत्या," सुतार म्हणाला, "जे गेले त्यांच्यासाठी एवढं राखून ठेवताय. आलो तो मीच मूर्ख म्हणायचा."

"नियम म्हणजे नियम," आत्या म्हणाली.

तीन महिन्यांनी त्याने मशीन ताडपत्रीत बांधून टेम्पोत चढवलं. निरोप घ्यायला खोलीत आला तेव्हा आत्याने त्याची चिठ्ठी दाखवली. "तुझा वाटा राखून ठेवते बरं का. केव्हाही ये." ती मनापासून बोलत होती, माझं डोकं फिरलं ते त्यानेच. पुढच्या सत्रात शाळा बंद झाली.

थंडीत आत्याचे गुडघे धरतात. मग ती दुपारी टाकीच्या तोटीखाली पाय सोडून बसते. परवा मीही शेजारी पाय सोडून बसलो. आज बोलायचंच, असं ठरवून गेलो होतो.

"आत्या, त्या दिवशी फोनवर तो..."

"पाणी बघ," ती म्हणाली. "यंदा छान गरम येतंय."

येणारच. आता एकोणतीस कुलुपं झाली होती. मी पाय काढून घेतले नाहीत.