मोरपिसाने सोडवलेली पानं

"ये पन्ना कल तक साबुत था," दफ्तरखान्याचे साहेब शिपायाला दबक्या आवाजात म्हणाले, पण मला ऐकू आलं.

जयपूरच्या जुन्या मोहल्ल्यांवरच्या प्रबंधासाठी मी महिनाभर त्या दफ्तरखान्यात जात होते. लाल कापडात बांधलेले जुन्या कागदांचे बस्ते मला उघडून देणाऱ्या म्हाताऱ्या शिपायाचं नाव मी कधी विचारलं नाही. चिकटलेल्या पानांमध्ये ते श्वास रोखून मोरपीस सरकवत. "बाईसा, नाखून मत लगाना. पूरी गली फट जाएगी," असं रोज बजावत. काल ते पाणी प्यायला गेले आणि मी घाईत नख लावलं. एका गल्लीतल्या घरांची यादी मधोमध फाटली. मी बस्ता गुपचूप बांधून ठेवला.

"बूढ़े हाथ हैं साहब, मुझसे ही फटा होगा," शिपाई म्हणाले.

"तो कल से बस्तों को हाथ मत लगाना. गेट पर बैठना."

त्यांनी खिशातलं मोरपीस काढून टेबलावर ठेवलं. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्यांना सगळं ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं. मी खरं बोलले तर इथे बसायची माझी परवानगी जाणार होती, प्रबंधही. तरी मी उठले.

"सर, नाखून मेरा था."